शंका-समाधान : व्होरोनेत्सची निळी भिंत

मागच्या अंकात रुमानियातल्या व्होरोनेत्स मठाच्या रंगवलेल्या चर्चची छायाचित्रं छापली होती. त्यावर सोलापूर शहर, पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी इथून प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘उघड्यावरची चित्रं पावणेपाचशे वर्षं टिकली कशी?’ हे बहुतेकांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर तिसऱ्या प्रश्नात मिळेल.

प्रश्न : चर्च १४८८ चं आणि चित्रं १५४७ ची असं छापलं होतं. ही छपाईची चूक आहे का? आणि मठ म्हणजे आपल्याकडच्यासारखाच मठ का? (एक वाचक, पंढरपूर)

चूक नाही. बांधकाम एका राजाचं, बाहेरची चित्रं पुढच्या काळातली. मोल्दाविया नावाचं छोटं राज्य होतं, त्याचा बराच भाग आज पूर्व रुमानियात आहे. तिथला राजा थोरला श्टेफान यानं १४५७ ते १५०४ अशी सत्तेचाळीस वर्षं गादी सांभाळली. चर्चच्या दारावरच्या शिलालेखात २६ मे १४८८ ला काम सुरू झालं आणि १४ सप्टेंबरला संपलं, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे चार महिनेसुद्धा लागले नाहीत. दानिईल नावाच्या तपस्व्याच्या सांगण्यावरून राजानं हे चर्च बांधलं अशी परंपरा आहे, आणि त्या तपस्व्याची समाधीही आतच आहे. पंढरपूरच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १५४७ मध्ये धर्मप्रमुख ग्रिगोरिये रोश्का यांनी पश्चिमेला एक बंद मंडप वाढवला आणि चर्चच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. तपस्वी दानिईल आणि रोश्का या दोघांची चित्रं दक्षिणेकडच्या दाराजवळ आहेत.

मठ हा शब्द बरोबर बसतो : ब्रह्मचारी संन्यासी, त्यांच्या खोल्या, भोवती तट आणि मधोमध चर्च. चर्चची रचनाही आपल्या देवळाच्या भाषेत सांगता येते. आधी रोश्कांचा बाहेरचा मंडप, मग आतला मंडप, मग तीन अर्धगोलांचा मुख्य भाग आणि शेवटी चित्रांच्या पडद्याआड वेदी, म्हणजे त्यांचा गाभारा. मोठा फरक एकच. ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथात पुजायला मूर्ती नसते, प्रतिमा रंगवलेलीच असते. भिंतीवरचं चित्र तिथे सजावट म्हणून नसतं, ते उपासनेचाच भाग असतं.

१७७५ मध्ये हा मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे गेला आणि १७८५ मध्ये त्यांनी इथला मठ बंद केला. १९९१ पासून तिथे पुन्हा मठ आहे, आता संन्यासिनींचा. आजूबाजूच्या रंगवलेल्या चर्चसह व्होरोनेत्स १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्या वेळी यादीत सात चर्च होती, २०१० मध्ये सुचेवित्साचं आठवं जोडलं गेलं.

प्रश्न : पश्चिमेच्या भिंतीवर इतकी गर्दी आहे की डोळा कुठे ठेवावा कळत नाही. हे चित्र वाचायचं कसं? (निवृत्त शिक्षिका, अक्कलकोट)

वरून खाली वाचा, आणि मध्येच लाल नदी पकडा.

या भिंतीला खिडकी नाही, दार नाही. दारं मंडपाच्या उत्तर-दक्षिण बाजूंना काढली आहेत, त्यामुळे चित्रकाराला अख्खी भिंत एका चित्रासाठी मिळाली. विषय अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करतो त्या दिवसाचा. आडव्या पाच ओळी आहेत. सगळ्यात वर देवपिता, आणि दोन्ही बाजूंना देवदूत आकाश गुंडाळताहेत, सतरंजी गुंडाळावी तसं. त्या गुंडाळीवर बारा राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन, आपल्या पंचांगातल्याच. काळ संपला, आता राशी-नक्षत्रांचं काम उरलं नाही, असा अर्थ.

दुसऱ्या ओळीत मधोमध येशू ख्रिस्त, एका बाजूला त्याची आई मरिया, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान, आणि दोहोंकडे बसलेले प्रेषित. ख्रिस्ताच्या पायाशी अग्नीची नदी उगम पावते आणि उतरत उतरत आपल्या उजव्या हाताला खाली जाते. तोच नरक. तिसऱ्या ओळीत न्यायासाठी मांडलेलं रिकामं सिंहासन आहे, त्यापुढे गुडघे टेकलेले आदाम आणि हव्वा. बाजूला यहुद्यांचा धर्मनेता मोशे काही लोकांना न्यायासनाकडे नेतो आहे. त्यात फेटे बांधलेले तुर्क आणि तातार लगेच ओळखू येतात. त्या वेळी मोल्दाविया तुर्की सुलतानाला खंडणी देत होता, हे लक्षात घेऊन ती ओळ बघा. जे दरबारात बोलता येत नव्हतं ते भिंतीवर रंगवलं, असं इतिहासकार म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे. शेजारच्या मोल्दोवित्सा मठात १५३७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, वेढा रंगवला आहे. मूळ प्रसंग इ. स. ६२६ चा, वेढा घालणारे इराणी आणि अवार टोळ्या. चित्रात मात्र हल्लेखोर तुर्की वेषात आहेत.

चौथ्या ओळीत वरून उतरलेल्या हातात तराजू आहे. एका पारड्यात आत्मा, आणि दुसरं पारडं खाली ओढायला टपलेले सैतान. चित्रगुप्ताची वही जिथे असते तिथे यांनी तराजू ठेवला आहे. डाव्या हाताला स्वर्गाचं दार आहे आणि ख्रिस्ताचा शिष्य पेत्र पुण्यवंतांची रांग घेऊन येतो आहे.

खालच्या कोपऱ्यात मेलेले उठताहेत, तो भाग जवळून बघा. सिंह, अस्वल, पक्षी यांच्या तोंडात माणसाचे हात, पाय, मुंडकं आहे. ज्यानं जे खाल्लं ते तो परत करतो आहे, म्हणजे न्यायाला सगळे अखंड देहानिशी उभे राहतील. देवदूतांच्या हातातला कर्णा पाहा. तो बायबलमधल्या तुतारीसारखा नाही, मोल्दावियाच्या डोंगरात मेंढपाळ वाजवतात तसा लांबलचक लाकडी भोंगा आहे. पुण्यवंताच्या मरणाशेजारी बायबलमधला दावीद राजा वाजवतो ते तंतुवाद्यही गावातलंच. चित्रकारानं न्यायाचा दिवस आपल्याच गावात आणला आहे.

‘हे सगळं निरक्षरांसाठी होतं का?’ असंही विचारलं आहे. अर्धं खरं. कथा माहीत नसलेल्याला ही भिंत गोंधळातच टाकेल. चित्रकथी पट उलटत कथा सांगतो तसा सांगणारा शेजारी असला, तरच ती बोलते. दक्षिण भिंतीवर तर दावीदाचा बाप इशाय याच्यापासून ख्रिस्तापर्यंतचा वंशवृक्ष आहे आणि कडेला प्लेटो, ॲरिस्टॉटलसारखे ग्रीक तत्त्वज्ञ उभे आहेत. ते ओळखायला साक्षर असूनही भागत नाही.

प्रश्न : रंग उडाला कसा नाही? आणि उत्तरेची भिंतच का फिकी पडली? (रंगकाम ठेकेदार, सोलापूर)

तुमच्या धंद्यातली गोष्ट आहे, तेव्हा चुन्यापासूनच सुरुवात करू.

चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीची ५६ किलो चुनकळी उरते, ४४ किलो वायू उडतो. चुनकळीत पाणी घातलं की ती रटरट उकळून विरते. हा विरलेला चुना वाळूबरोबर भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. फ्रेस्को म्हणजे हा परतीचा प्रवास चालू असताना, ओल्या गिलाव्यावर केलेलं रंगकाम. रंग फक्त पाण्यात कालवलेला असतो. डिंक नाही, तेल नाही. चुना घट्ट होताना रंगाचे कण स्फटिकांच्या पापुद्र्यात धरून ठेवतो. ऑइलपेंटचा पापुद्रा सुटतो, कारण तो भिंतीवर बसलेला असतो. फ्रेस्कोतला रंग भिंतीचाच झालेला असतो.

बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, पद्धतीच्या गिलाव्यात तागासारखे धागे किंवा बारीक कापलेला पेंढा घालत. त्यानं तडे कमी जातात आणि भिंत जास्त वेळ ओली राहते. म्हणून इटलीत रोजच्या कामापुरते छोटे तुकडे लिंपत, तर इकडे परांचीच्या एका उंचीवरचा आख्खा पट्टा एकदम घेता येई. तिरपा उजेड पडला की असे आडवे सांधे दिसतात.

हे झालं रंगाचं. पण उघड्यावर टिकायला त्याहून मोठी गोष्ट लागते, ती म्हणजे छप्पर. या चर्चचे पाखे भिंतीच्या बरेच बाहेर आलेले आहेत. पाऊस सरळ पडला तर भिंतीला लागत नाही. उत्तरेकडून मात्र तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि त्या बाजूला ऊन नसल्यानं भिंत वाळत नाही. थंडीत गिलाव्यात मुरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि कण सुटे करतं. दर हिवाळ्यात हे पुन्हा पुन्हा. इमारत एक, चुना एक, पण पाणी वेगळं, म्हणून भिंतीचं नशीब वेगळं. शिवाय हात पोचेल तिथे लोकांनी नावं कोरली आहेत. हा रोग फक्त आपल्या किल्ल्यांवरच आहे असं नाही.

प्रसिद्ध निळा रंग ॲझुराइटचा, म्हणजे तांब्याच्या खनिजाचा. निळा हा फ्रेस्कोतला सगळ्यात अवघड रंग. ॲझुराइट बारीक वाटलं तर फिकं पडतं, जाडसर ठेवलं तर चुन्यात नीट धरत नाही, आणि ओल लागत राहिली तर हिरवं होऊ शकतं. म्हणून इटलीतले चित्रकार तो बहुधा भिंत वाळल्यावर सरस किंवा अंड्यात कालवून लावत, आणि तोच आधी गळे. इटलीतल्या पादुआत जोत्तो या चित्रकाराच्या भिंतींवर मरियेच्या झग्याचा निळा ठिकठिकाणी गेलेला आहे, बाकी चित्र ठणठणीत. बायझंटाइन परंपरेत निळ्याखाली बहुधा काळा किंवा करडा थर देत, त्यानं निळ्याला खोली येते.

प्रश्न : अजिंठ्याची चित्रंही फ्रेस्कोच ना? आमच्या गावच्या वाड्यात जुनं भित्तिचित्र आहे, त्यावर वॉर्निश मारावं का? (बार्शी तालुका)

अजिंठा फ्रेस्को नाही, जरी पाठ्यपुस्तकांपासून पाट्यांपर्यंत सगळीकडे तसं लिहिलेलं असलं तरी. तिथे खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे. त्यावर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणून अजिंठ्याच्या चित्रावर पाणी पडणं व्होरोनेत्सपेक्षा कितीतरी जास्त घातक.

वॉर्निशचं उत्तरही अजिंठ्यातच आहे. १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारनं दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, ते काम मोलाचं होतं. पण वरून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यात धूळ-काजळी अडकली, आणि ते काढायला नंतरच्या पिढ्यांना फार कष्ट पडले. तेव्हा वॉर्निश नाही, तेल नाही, ओलं फडकंही नाही.

वाड्यासाठी आधी छत आणि पन्हाळ बघा. पाणी थांबलं नाही तर बाकी सगळं फुकट. भिंतीच्या पायाशी लोणा लागला असेल तर तिथे सिमेंट लावू नका. सिमेंट ओल अडवतं, मग ती वर चढून नेमकी चित्रातून बाहेर पडते आणि येताना क्षार आणते. क्षाराचे स्फटिक रंगाच्या मागे वाढले की पापुद्रा ढकलला जातो. तिरपा उजेड टाकून फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी कुठे फुगवटा वाढला ते कळेल. पुढचं काम पुरातत्त्व विभागाला विचारून. अशा कामासाठी लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आहे.

प्रश्न : शाळेत मुलांकडून फ्रेस्कोचा छोटा नमुना करून घ्यायचा आहे. साहित्य, प्रमाण आणि वेळ सांगा. (चित्रकला शिक्षक, सात रस्ता)

एक फूट बाय एक फुटाचा नमुना करा, भिंतीवर नको. खाली भाजक्या मातीची फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. ग्लेझ असलेली टाइल चालत नाही, गिलावा सुटतो.

चुना : चुनकळी मिळाली तर उत्तम, पण ती मुलांसमोर विरवू नका. लोखंडी घमेल्यात एक किलोला तीन लिटर पाणी आधी घ्यायचं आणि चुनकळी थोडी थोडी पाण्यात सोडायची. उलट केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर डोळा वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या. जुने लोक वर्ष-वर्ष मुरवत. एवढं जमत नसेल तर दुकानात पोत्यात मिळणारी विरलेल्या चुन्याची पूड पाण्यात पंधरा दिवस भिजत ठेवा. पानाला लावतो तो चुना हाच. मुलांना पोत दाखवायचा असेल तर तो दाखवा, लोण्यासारखा हवा. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र चुन्याची जागा घेऊ शकत नाही, ते वेगळंच रसायन आहे.

वाळू : धुतलेली. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, हलवून ठेवून द्या. वाळूवर गाळाचा थर दिसण्याइतका जाड बसला तर पुन्हा धुवा. आपल्याकडची काळी माती वाळूत राहिली तर गिलावा वाळताना हमखास तडकतो. पाणी नळाचं वापरा, बोअरचं नको. क्षार असलेल्या बोअरच्या पाण्यानं आठ दिवसांत चित्रावर पांढरा खार फुटतो.

पहिला थर : मुरलेला चुना एक भाग, जाडसर वाळू अडीच भाग. फुटाच्या फरशीवर १० मिलिमीटर जाडीला सुमारे ९०० मिलिलिटर माल लागतो. पाऊण कपाच्या हिशेबात न पडता ४०० मिलिलिटर चुना आणि एक लिटर वाळू घ्या. चुना वाळूच्या पोकळीत शिरतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज होत नाही. फरशी आधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवा. माल थापीनं दाबून बसवा, खिळ्यानं रेघोट्या मारा आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा.

दुसरा थर : चित्राच्या दिवशी सकाळी. चुना एक भाग, चाळलेली बारीक वाळू किंवा संगमरवराची भुकटी दीड ते दोन भाग. जाडी ४-५ मिलिमीटर. खालचा थर आधी भिजवून घ्या. लाकडी रंध्यानं सपाट करा. फार घोटू नका, तोंड बंद झालं तर रंग आत जात नाही.

बोट टेकवल्यावर चिकटलं नाही पण गार लागलं, की सुरुवात. आकृती कागदावर काढून रेघेवर सुईनं भोकं पाडा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटा. भरतकामाचा खाका उतरवतात तसंच. रंग सगळे पाण्यात खललेले : गेरू, रामरज (पिवळी माती), काजळ किंवा कोळसा, पांढऱ्यासाठी चुनाच. निळ्यासाठी कोबाल्ट ब्लू सगळ्यात निर्धोक, पण त्याची पूड उडवू नका. बाटलीतली कपड्याची नीळ टिकत नाही, ती विरघळणारा रंग आहे. प्रशियन ब्लू चुन्यात बिघडतो. पोस्टर कलर, फेविकॉल काही नको. गडद रंग वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून कौलाच्या कोरड्या तुकड्यावर पट्टा ओढून पाहा. कौल पाणी शोषून घेतं आणि शेवटची छटा लगेच दिसते.

सोलापुरात खरी अडचण वेळेची आहे. थंड, दमट हवेत सहा-आठ तास मिळतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना तासाभरात पृष्ठभाग कोरडा पडतो. कोरडा पडला म्हणजे लवकर पक्का झाला असा समज होतो, पण घडतं उलट. चुन्याला वायू ओढून घ्यायला ओल लागते. ओलच गेली तर चुना कच्चा राहतो आणि रंग खडूसारखा बोटाला येतो. म्हणून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराचे दिवस निवडा, पंखा बंद, खिडकीला ओला पडदा. कुंचला गिलावा ओढायला लागला किंवा रंग वर पुडीसारखा बसायला लागला की थांबायचं. उरलेला कोपरा तासून टाका आणि दुसऱ्या दिवशी नव्या गिलाव्यावर करा.

बारीक तडे गेले तर चुना जास्त झाला किंवा थर जाड झाला. काही दिवसांनी फोडासारखे खड्डे पडले तर न विरलेले खडे मालात राहिले, गाळणं नीट झालं नाही. चुका लपत नाहीत आणि खोडरबर चालत नाही, हे मुलांना आधीच सांगा. झालेलं काम महिनाभर तरी सावलीत ठेवा, पहिले आठ दिवस हवा दमट राहील असं बघा.

प्रश्न : रुमानिया लांब आहे. जवळ काय बघता येईल? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

जुन्या गोव्यात. तिथला सेंट मोनिकाचा मठ संन्यासिनींसाठी बांधला गेला, काम १६०६ मध्ये सुरू होऊन १६२७ मध्ये संपलं. त्यात भित्तिचित्रं आहेत, आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही त्याच वास्तूत आहे. तिथून थोड्याच अंतरावर सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, तेही मठाचंच. त्यातली लाकडी फळ्यांवरची चित्रं आणि भिंतीवरची वेलबुट्टी यातला फरक जवळ जाऊन बघा : फळीला उभे सांधे दिसतात, भिंतीला दिसत नाहीत. विजापूरमार्गे गेलात तर आसार महाल वाटेतच आहे. १६४६ चा, आदिलशाही. चर्च नव्हे, पण भिंतीवर रंग कसा म्हातारा होतो ते बघायला सोलापूरहून याहून सोयीची जागा नाही. सकाळी लवकर जा, उजेड तिरपा असतो तेव्हाच.